चुलीच्या आगीवर घरभर गरम पाणी आणि मायच्या खोलीत ऊब: कामाच्या नोंदी

१२ नोव्हेंबर

दिवाळी झाली, आणि आज पहाटे अंगणात श्वासाची वाफ दिसायला लागली. आमचं गाव साक्री तालुक्यात पांझरेच्या काठाला. बाहेरच्यांना खान्देश म्हटलं की मे महिन्यातलं ४४ डिग्री ऊनच आठवतं, पण डिसेंबर-जानेवारीत पहाटे इथं पारा ७-८ वर येतो, कधी त्याच्याही खाली, आणि ती थंडी कोरडी असते, हाडात शिरते. मायचे गुडघे गेल्या दोन हिवाळ्यांपासून धरतात. तिची खोली मागच्या बाजूची, स्लॅबची, एका विटेच्या भिंतीची. जुनं धाब्याचं (मातीच्या सपाट छपराचं) घर मातीच्या जाड भिंतींमुळे त्यामानाने बरं राहतं, पण तिथं जिने-पायऱ्या तिला जमत नाहीत.

आणि पाण्याचं म्हणाल तर घरात सात माणसं, एक तांब्याचा बंब, ४० लिटरचा. बायको साडेचारला उठून बंब पेटवते, एकाची आंघोळ झाली की परत पाणी ओतायचं, परत काड्या सारायच्या, सव्वासातपर्यंत हेच, डोळ्यात धूर. गिझर आहे पण पहाटे लाइट असेलच याचा भरवसा नाही, आणि बोअरच्या जड पाण्याने त्याचं एलिमेंट दोनदा गेलं, काढलं तेव्हा त्यावर खडूसारखा बोटभर क्षार.

ठरवलं की या हिवाळ्यात एक नीट शेगडी करायची, लाकडावर चालणारी, तिच्या पाठीत पाण्याची पेटी. त्या पेटीतलं पाणी फिरत राहील, टाकी गरम करेल आणि मायच्या खोलीत एक रेडिएटर, म्हणजे आतून गरम पाणी फिरून खोली तापवणारे लोखंडी पाइप. इंग्लंड-आयर्लंडकडे असली पाठीत पाण्याची पेटी असलेली शेगडी घरोघरी होती, तिला तिकडे बॅक बॉयलर म्हणतात. आपल्याकडे काश्मीरमधे हमाम असतो, जमिनीखाली आग, वर दगडी फरशी आणि तिथंच तांब्याच्या भांड्यात पाणी. म्हणजे कल्पना नवी नाही, आपल्या गावाला नवी आहे.

१६ नोव्हेंबर

दोन रात्री नुसता हिशोब केला. १ युनिट (लाइट बिलातलं) उष्णता म्हणजे ८६० लिटर पाणी १ डिग्रीने तापतं. १५० लिटर पाणी २० वरून ५५ ला न्यायचं तर ६ युनिट आणि थोडं वर. सुकं लाकूड किलोला साधारण ४ युनिट देतं, त्यातला तिसरा हिस्सा जरी पाण्यात उतरला तरी साडेचार-पाच किलो लाकडात सात जणांच्या आंघोळी होतात. बंबाला रोज किती जातं ते काट्यावर मोजलं, ९ किलो!

पण खरा विचार लाकडाचा नाही. गॅस बंद करता येतो, गिझरचं बटण दाबता येतं, लाकडाची आग बंद करता येत नाही. एकदा निखारा धरला की तास-दीड तास ती उष्णता देणारच, तुम्हाला हवी असो नसो. म्हणून त्या पाण्याला कायम मोकळी वाट पाहिजे. पाणी तापलं की फुगतं, ४ डिग्रीपासून उकळीपर्यंत जवळजवळ ४ टक्के, आणि वाफ झाली तर सोळाशे-सतराशे पट. कोंडलेल्या पेटीत वाफ म्हणजे बॉम्बच. तेव्हा सगळं डिझाइन याच एका गोष्टीभोवती करायचं असं वहीच्या पहिल्या पानावर लाल पेनाने लिहून ठेवलं.

त्यातून तीन गोष्टी ठरल्या. एक, पंप नाही. लाइट गेली की पंप बंद, पंप बंद की पाणी जागच्या जागी उकळणार. पाणी आपोआप फिरलं पाहिजे, गरम हलकं म्हणून वर आणि गार जड म्हणून खाली. दोन, पेटीच्या वरून एक उघडा पाइप थेट धाब्यावर, मधे एकही कॉक नाही. तीन, पेटीतलं पाणी आणि आंघोळीचं पाणी वेगळं. पेटीतलं तेच ते पाणी फिरत राहील आणि टाकीतल्या तांब्याच्या कॉइलमधून (वेटोळ्यांच्या नळीतून) उष्णता देईल. बोअरचं पाणी रोज नवीन आत गेलं असतं तर पेटी दोन हिवाळ्यांत क्षाराने बुजली असती, आणि नव्या पाण्यातल्या हवेने लोखंडही गंजतं. तेच पाणी फिरत राहिलं की सुरवातीला थोडं गंजून काळं होतं, मग गंज जवळपास थांबतो.

१९ नोव्हेंबर

जागा ठरली. शेगडी घरात नाही, अंगणातल्या पत्र्याच्या शेडमधे, मायच्या खोलीच्या भिंतीला लागून. आमच्या घराचं जोतं अडीच फूट उंच आहे, म्हणजे अंगणात ठेवलेली शेगडी घराच्या फरशीपेक्षा आपोआप खाली येते. पाणी आपोआप फिरायला टाकी आणि रेडिएटर शेगडीच्या वर पाहिजेत, आणि ती उंची आजोबांनी पुराच्या भीतीने बांधलेल्या जोत्याने फुकट दिली. दुसरं म्हणजे धुराडं धाब्यातून काढायला नको. धाब्याला सागाच्या कड्या, वर किलचन (बारीक लाकडांचा थर), वर माती, त्यातून तापलेला पत्र्याचा पाइप न्यायचा माझा जीव होत नाही, उघड्या पाइपपासून लाकूड किमान दीड फूट लांब पाहिजे. आणि तिसरं, धूर आणि त्यातला कार्बन मोनॉक्साइड झोपायच्या खोलीत येण्याचा धोका बराच कमी. दर हिवाळ्यात बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेल्यांच्या बातम्या येतात, तो वायू दिसत नाही, वास येत नाही, माणूस झोपेतच जातो. मायच्या खोलीत फक्त गरम पाण्याचा पाइप येणार, आग नाही.

गावातले नाना संध्याकाळी शेडमधे येऊन उभे राहिले, आखलेल्या रेघा बघितल्या, "भाऊ, हाई काय करी राहिना?" सगळं सांगितलं. बराच वेळ ऐकून त्यांनी एकच विचारलं, पाणी वर चढेल कशाने. ८० डिग्रीचं १००० लिटर पाणी ९७२ किलो भरतं आणि ६० डिग्रीचं ९८३, त्या ११ किलोच्या फरकाने चढेल. दीड मीटर उंचीला हा जोर फक्त १६-१७ मिलिमीटर पाण्याच्या थराएवढा होतो. म्हणून पाइप जाड पाहिजे, वळणं कमी पाहिजेत आणि चढ कुठेही मोडता कामा नये.

२४ नोव्हेंबर

धुळ्याला मिस्तरीकडे पेटी टाकली. ५ एमएम एमएस (साध्या लोखंडाची) प्लेट, १६ इंच बाय १२ इंच, आत साधारण १२ लिटर पाणी. मिस्तरी म्हणाला एवढी जाड कशाला, ३ एमएम बस झाली. त्याला हिशोब दाखवला: वरची छोटी टाकी पेटीपासून ४ मीटर उंच, म्हणजे दाब चौरस सेंटिमीटरला ०.४ किलो. ऐकायला काहीच नाही, पण पेटीची एक बाजू १२०० चौरस सेंटिमीटर, म्हणजे त्या पत्र्यावर ४८० किलो! ते ऐकून तोच म्हणाला मग आतून टेके देऊ, आणि दोन्ही पत्र्यांना जोडणारे ६ लोखंडी गज आरपार वेल्ड करून दिले. चांगला कारागीर आहे, कारण कळलं की काम मनापासून करतो.

आग थेट पेटीला भिडवायची नाही. पेटीतलं पाणी आगीची उष्णता ओढून घेतं आणि मग लाकूड अर्धवट जळतं, धूर होतो. म्हणून खाली तिन्ही बाजूंनी फायर ब्रिक (आगीत टिकणाऱ्या विटा), आग तिथं पूर्ण पेटणार आणि तापलेली ज्वाळा वर आणि मागे जाताना पेटीला लागणार. जाळी कास्ट आयर्नची घेतली, खाली राखेचा कप्पा, हवेला पुढून सरकती झडप. दार घट्ट बसलं पाहिजे, नाहीतर झडपेला अर्थ नाही.

२८ नोव्हेंबर

पेटी आली. बघतो तर वरच्या तोंडाला मिस्तरीच्या पोराने बॉल व्हॉल्व्ह, म्हणजे कॉक, बसवलेला! त्याच्या मनात चांगलंच होतं, कधी दुरुस्तीला बंद करता येईल म्हणून. मला घाम फुटला. कोणी पोराटोराने खेळताना तो अर्धा फिरवला तर? तिथंच उभं राहून काढायला लावला आणि त्या पोराला अंगणात मातीवर रेघा मारून समजावलं की इतर कुठल्याही पाइपला कॉक बसव, या एका पाइपला आयुष्यात कधी बसवू नको. तो म्हणाला गिझरला तर असतो. गिझरला थर्मोस्टॅट असतो, सेफ्टी व्हॉल्व्ह असतो, आणि मुख्य म्हणजे लाइट बंद केली की ताप थांबतो.

पाणी भरून रात्रभर ठेवली. सकाळी एका वेल्डला ओल, सुईच्या टोकाएवढं भोक. परत धुळे. एक दिवस गेला पण बरंच झालं, भिंतीला बसवल्यावर कळलं असतं तर विटा फोडाव्या लागल्या असत्या.

३ डिसेंबर

पायपिंग. १ इंची काळा पाइप, सी क्लास म्हणजे जाड. जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला) घेतला नाही, तांब्याच्या कॉइलसोबत एकाच पाण्यात तो मुलामा लवकर खाल्ला जातो. कॉइल पाऊण इंची तांब्याची, ९ मीटर, वरून गरम आत आणि खालून गार बाहेर, प्रत्येक वेटोळ्याला उतार. टाकी स्टीलची १५० लिटर, झाकण बोल्टचं ठेवलं कारण जड पाण्याचा क्षार आता कॉइलच्या बाहेरून बसणार आणि वर्षातून एकदा तो खरवडावा लागणार. टाकी न्हाणीतल्या वरच्या ओट्यावर.

धाब्यावर २० लिटरचा स्टीलचा डबा, भरपाईची टाकी. प्लास्टिकचा स्वस्त मिळत होता, पण कधी उकळी फुटली तर उघड्या पाइपातून उकळतं पाणी त्यातच पडणार आणि प्लास्टिक मऊ पडून खाली आला तर कोणाच्या डोक्यावर? डब्यातून वेगळा पाइप खाली परतीच्या लाइनला जोडला, तोही बिनकॉकचा.

टाकीला गुंडाळायला ग्लास वुल आणणार होतो. मायने तिच्या हातच्या दोन जुन्या गोधड्या दिल्या, टाकी आगीपासून १५ फूट लांब आहे तेव्हा काळजी नाही. (नंतर टाकी तापायला लागल्यावर मोजलं, रात्री ५८ असलेलं पाणी सकाळी ५३.) गोधडीइतकं चांगलं काही सापडलं नसतं.

६ डिसेंबर

पहिली आग. नारळ फोडला, घरचे सगळे शेडमधे.

वीस मिनिटं सगळं छान आणि मग पेटीतून ठक, ठकठक, ठक, जसं कोणी आतून हातोडीने मारतंय. वर जाणारा पाइप पेटीजवळ हात लागू देईना आणि सहा फुटांवर गार! पाणी फिरतच नव्हतं. झडप बंद केली, जळती लाकडं चिमट्याने ओढून वाळूच्या घमेल्यात टाकली, सगळ्यांना लांब केलं. धाब्यावरच्या पाइपातून गुळण्या टाकल्यासारखं पाणी डब्यात पडत होतं, वाफ येत होती. म्हणजे मोकळ्या वाटेने तिचं काम केलं. तो व्हॉल्व्ह तसाच राहिला असता आणि कोणाचा हात लागला असता तर, हा विचार रात्रभर डोक्यात होता.

बायको पेटीवर गार पाणी ओतायला बादली घेऊन धावली होती, तिला थांबवलं. लाल तापलेल्या पेटीवर किंवा कोरड्या पडलेल्या पेटीत गार पाणी कधी घालायचं नाही, एका क्षणात वाफ होते. आपोआप निवू द्यायचं.

७ डिसेंबर

कारण सापडलं. भिंतीतून न्हाणीत शिरताना पाइप तुळईखालून काढायला मी दोन इंच खाली घेतला होता आणि मग परत वर. त्या दोन इंचाच्या अलीकडे वर जो उंचवटा झाला तिथं हवा अडकून बसली, आणि १६ मिलिमीटरचा जोर दोन इंच हवा ढकलू शकत नाही. मेन दोष माझाच, मिस्तरी विचारत होता इथं लेव्हल लावायची का आणि मी घाईत नको म्हटलं.

तुळईच्या बाजूने नवीन भोक पाडलं, आता पाइप शेगडीपासून टाकीपर्यंत सलग चढता, दर फुटाला पाव इंच. लेव्हल पाण्याच्या नळीने घेतली, गवंडी घेतात तशी. परत पेटवलं. २५ मिनिटांत कॉइलचं वरचं तोंड गरम, ४० मिनिटांत खालचंही कोमट, आवाज नाही. परतीच्या पाइपवर हात ठेवून मी बराच वेळ तिथंच बसलो होतो. आतून काहीतरी चालतंय हे हाताला कळतं, ना मोटर ना लाइट.

दीड तासात १५० लिटर ५६ डिग्रीला. लाकूड साडेपाच किलो.

१३ डिसेंबर

धुराड्यातून काळा डांबरासारखा चिकट द्रव गळतोय, पत्र्यावर डाग. दोन कारणं. निंबाच्या फांद्या मागच्याच महिन्यात तोडलेल्या, ओल्या. आणि सुरवातीचा तासभर परतीचं पाणी ३० च्या आसपास असतं, तेवढ्या गार लोखंडाला धूर लागला की धुरातली वाफ आणि डांबर तिथंच गोठतं. परतीचं पाणी ५५ च्या वर गेलं की ते थांबतं. डांबर साठत गेलं की एक दिवस धुराड्यातच आग लागते, त्यामुळे दुर्लक्ष करण्यासारखं नाही. उपाय: ओलं लाकूड बंद, वेडी बाभूळ मागच्या उन्हाळ्यातली वाळलेली घेतली, जड लाकूड आहे, निखारा धरून राहतं. सुरवात बारीक काड्यांवर झडप पूर्ण उघडून जोरात करायची, धुमसत ठेवायचं नाही. आणि धुराड्यातून दर पंधरा दिवसांनी तारेचा ब्रश.

१८ डिसेंबर

रेडिएटर. धुळ्याला भंगारात ट्रान्सफॉर्मरचे फिन मिळत होते, आकार अगदी रेडिएटरचा, पण आत जुनं तेल मुरलेलं, मायच्या खोलीत तो वास आणि ते काय तेल असेल कोण जाणे, नकोच. मग २ इंची पाइपची शिडी वेल्ड करून घेतली, १० मीटर पाइप. दर मीटरला साधारण ७० वॅट धरले, सगळं मिळून ७०० वॅट, खोली १० बाय ११ ची. फरशीपासून दीड फूट वर बसवली, पुढे लाकडी पट्ट्या म्हणजे मायचा हात चुकून लागू नये.

या शिडीला कॉक ठेवला नाही. टाकी पूर्ण तापली आणि आग अजून जोरात असली तर जास्तीची उष्णता जायला जागा पाहिजे, ती जागा म्हणजे हीच शिडी. इंग्लंड-आयर्लंडकडच्या लोकांत पण हा नियमच आहे, एक तरी रेडिएटर कायम उघडा.

२८ डिसेंबर

आज पहाटे अंगणात ६. मायच्या खोलीत साडेपाचला २१, मागच्या हिवाळ्यात याच वेळी १३-१४ असायचे. रात्री एक ते पाच लाइट नव्हती, आणि घरात कोणाला कळलंही नाही. माय उठून बसली होती, पाय शिडीकडे करून. "खोलीमा थंडी नही आते. माले बरं वाटस रे." एवढंच म्हणाली.

बायको आता सहाला उठते.

११ जानेवारी

कापूस उपटून झाला, पऱ्हाट्यांचा ढीग बघून नाना म्हणाले वर्षभराचं जळण झालं. आधी माझ्याही मनात तेच होतं. पण गुलाबी बोंडअळी त्या काड्यांना राहिलेल्या किडक्या बोंडांतच दडून बसते आणि पुढच्या हंगामात बाहेर येते, म्हणून बांधावर किंवा गावात पऱ्हाट्या रचून ठेवू नका असं कृषी खातं दरवर्षी सांगतं. स्वतःच्या गरम पाण्यासाठी साऱ्या शिवाराच्या कपाशीला अळी लावायची हे मला पटत नाही. म्हणून या महिन्यात जेवढ्या जाळता येतील तेवढ्याच घेतल्या, बोंडं तोडून आधी आगीत, बाकी श्रेडर लावून शेतात. एक मोळी भरताच्या वांग्यांसाठी बाजूला काढली, बोंडं नीट झाडून. भरीत काड्यांवरच भाजलेलं पाहिजे, शेगडीवर ती चव येत नाही.

पऱ्हाट्या भरकन जळतात, दर दहा मिनिटांनी घालाव्या लागतात, पेटवायला उत्तम पण टिकायला बाभूळच.

६ फेब्रुवारी

दुपारी ३२ जायला लागलंय. पाणी पहाटे अजून लागतं पण खोली तापायला नको, माय रात्री दार उघडं टाकते. आता प्रश्न आला की शिडीला कॉक नाही. मिस्तरी म्हणाला भाऊ, आता तरी बसवू द्या. शेवटी असं केलं: शेडमधे बाहेरच्या भिंतीला तशीच दुसरी शिडी, बिनकॉकची, कायम उघडी, आणि ती चालते याची आठ दिवस खात्री केल्यावरच मायच्या खोलीच्या शिडीला कॉक. मोकळी वाट एक तरी राहतेच. शेडमधल्या शिडीसमोर बायकोने दोरी बांधली, पोरांचे शाळेचे कपडे सकाळी तिथं वाळतात.

नानांच्या जावयाला पिंपळनेरकडे असंच करायचंय. त्याला वहीची पानं झेरॉक्स करून दिली. लाल पेनाची ओळ झेरॉक्समधे काळीच आली, तेव्हा प्रत्येक कॉपीवर ती परत लाल पेनाने गिरवून दिली.

२३ फेब्रुवारी

सीझनची शेवटची आग. पुढची कामं: धुराडं खालून वरपर्यंत ब्रशने साफ, वर पत्र्याची टोपी म्हणजे पावसाचं पाणी आत जाऊन राखेशी मिसळून लोखंड खाणार नाही. राख पूर्ण काढायची, दार थोडं उघडं ठेवायचं. पेटीतलं पाणी मात्र काढायचं नाही, रिकामी ठेवली की आतून गंजते. धाब्यावरच्या डब्यात मे महिन्यात दर आठवड्याला पाणी बघायचं, उन्हाने आटतं. झाकण उघडून कॉइल बघितली, पांढरा थर नखाने निघेल इतपत. पुढच्या हिवाळ्याआधी खरवडायची.